दान पडेल तसं

रविवारी दुपारी चार वाजता माझ्या जेवणाच्या टेबलावर चार्ट पेपर अंथरलेला असतो. त्यावर पाऊण इंचाचे चौकोन आखलेले, एक चौकोन म्हणजे पाच फूट. कडेला पाच पेन्सिली, चकल्यांची थाळी आणि मिसळणाचा एक जुना डबा. माझ्या पुढ्यात पुठ्ठ्याचा उभा पडदा, त्याआड वही. वहीत सहा पानं भरून लिहिलेलं असतं की आज काय काय घडणार आहे. साडेआठपर्यंत त्यातली साडेपाच पानं वाया गेलेली असतात.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. मी त्यातली डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारी. बाकीचे चौघे गोष्टीतली एकेक व्यक्ती होऊन बसतात. माझी मामेबहीण एरवी दातांची डॉक्टर, इथे बुटका लढवय्या धोंडोबा. सॉफ्टवेअर टेस्टर मित्र अल्डेरिन नावाचा जादूगार. बँकेतला मित्र सावली नावाचा चोर. कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या मैत्रिणीला पुस्तकातला 'बार्ड' म्हणजे आपला शाहीरच वाटला, म्हणून ती डफ घेतलेली मैना शाहीर. मी प्रसंग सांगते, ते काय करणार ते सांगतात. काम जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. खेळातले शब्द इंग्रजी, पण आरडाओरडा मराठी. सारीपाटातला एक शब्द मात्र आपोआप टेबलावर आला आणि राहिला. फासा टाकला की आम्ही विचारतो, "दान काय पडलं?"

पहिली फजिती झाली ती पहिल्याच दिवशी, आणि तेव्हा कोणी फासाही टाकला नव्हता. राजवाड्यात एक खलनायक बसवला होता. त्याचं बालपण, त्याचा सूड, त्याच्या अंगठीवरचं नक्षीकाम, सगळं तीन पानांत. राजवाड्याच्या फाटकावर एक पहारेकरी होता, त्याच्या वाट्याला वहीत एकच शब्द: 'पहारेकरी'. मैनेने त्याला विचारलं, "भाऊ, नाव काय तुमचं?"

नाव नव्हतंच. माझी नजर थाळीकडे गेली. "चाकलिन," मी म्हटलं.

संपलं. घरी कोण कोण असतं, पगार वेळेवर होतो का, आईचे गुडघे कसे आहेत, सगळी चौकशी झाली. मी एकेक उत्तर रचत गेले आणि पाऊण तासात चाकलिन भाऊ त्या राज्यातला सर्वांत जिवंत माणूस झाला. खलनायक आत अंगठी फिरवत बसून राहिला. त्याला भेटायला कोणी गेलंच नाही. सावलीने चाकलिनच्या आईसाठी तेलाची बाटली मात्र चोरून आणली. नाव असलेला माणूस खेळणाऱ्यांना जवळचा वाटतो, हे मी त्या दिवशी शिकले. तेव्हापासून वहीच्या शेवटच्या पानावर वीस नावं तयार ठेवते. थाळीकडे बघत नाही, नाहीतर पुढचा सरदार फरसाणराव व्हायचा.

दुसरी फजिती सर्वस्वी माझी. गावाबाहेर नाला होता, पाच फुटांचा. धोंडोबाच्या अंगात ताकद अठरा. नियम असा की दहा फूट धावत येऊन उडी मारली तर ताकदीचा जितका आकडा तितके फूट माणूस सहज जातो. म्हणजे धोंडोबाने असले तीन नाले एका दमात ओलांडले असते. पण मी नवखी. कोणी काही केलं की "फासा टाक" म्हणायची खोड लागली होती.

डॉक्टरीणबाईंनी फासा टाकला. दान पडलं एक.

ही 'नॅट वन' म्हणजे आमच्या टेबलावरची साडेसाती. खरं तर पुस्तकात आहे ते असं की लढाईत एक पडला तर वार हमखास चुकतो. नाल्यात पडण्याबिडण्याबद्दल त्यात काही नाही. जगभरचे खेळणारे ती फजिती आपल्या पदरची जोडतात. आम्हीही जोडली. आदल्या दिवशी राक्षसाला लोळवलेला वीर नाल्यात चिखलात उताणा पडला. चिलखताच्या वजनामुळे त्याला उठता येईना. दोर आणायला सावली गावात गेला, तिथे दोर विकत घेण्याऐवजी चोरताना पकडला गेला, आणि त्या दिवसाचे उरलेले दोन तास कोतवालीत गेले. ज्या टेकडीवर मी गोष्ट नेऊन ठेवली होती ती नाल्याच्या पलीकडे तशीच राहिली.

फिजिक्सवालीने कागदावर हिशेब मांडला. विसांत एकदा, म्हणजे पाच टक्के. पण एका बैठकीत साठेक फासे पडतात, आणि साठांत एकदाही एक न पडण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी. "म्हणजे तुझ्या प्रत्येक रविवारी एक तरी फजिती जवळजवळ ठरलेली," ती म्हणाली. "नको तिथे फासा मागितलास तर नको तिथे होईल." तेव्हापासून फासा मागण्याआधी मी मनात विचारते: जमलं तर काय, फसलं तर काय? दोन्हीकडे सांगण्यासारखं काही नसेल तर उडी मारू द्यावी आणि पुढे जावं.

दगा देणाऱ्या फाशासाठी तुरुंगाची प्रथा बऱ्याच गटांत असते. आमचा तुरुंग म्हणजे तो मिसळणाचा डबा. नाल्याच्या दिवशीचा निळा फासा हळदीच्या वाटीत चार आठवडे कैदेत होता. वाटी धुतलेली होती, पण हळद कधी जाते का? सुटून आला तेव्हा त्याचे कोरलेले पांढरे आकडे पिवळे झाले होते. आता त्याला सगळे खंडोबाचा फासा म्हणतात आणि निकराच्या वेळी तोच उचलतात.

तिसरी गोष्ट हसण्यासारखी नव्हती, पण तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. एका लढाईत माझ्या राक्षसाच्या वाराला वीस पडले. मैना मेलीच असती. मी पडद्याआड फासा झाकला आणि म्हटलं, "चुकला."

कोणी काही बोललं नाही. लढाई जिंकली, पण टाळी वाजली नाही. सावलीने मोबाइल काढला. पुढे तासभर प्रत्येक वार झाला की चौघे फाशाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होते. चहा ओतताना मैनेची मालकीण हळूच म्हणाली, "वाचवलंस ना मला? माहीत आहे."

ती कुडाळची. लहानपणी जत्रेत रात्रभर दशावतार बघितलेली. तिने सांगितलं, "आमच्याकडे दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. आख्यान कुठलं ते ठरलेलं, बाकी बोलणं तिथल्या तिथे. समोरचा भलतंच काही बोलला तर 'असं नव्हतं ठरलं' म्हणता येत नाही. त्याच्या बोलण्याला उत्तर द्यायचं. लोक त्या उत्तरासाठीच जागतात." पुढच्या रविवारपासून मी फासे पडद्याच्या बाहेर, सर्वांसमोर टाकायला लागले. पडद्याआड आता फक्त वही असते.

पुढे या खेळाचा इतिहास वाचला तेव्हा फजितीबद्दलची उरलीसुरली लाजही गेली. १९६९ साली अमेरिकेत, मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत, डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाने शिशाच्या सैनिकांशी खेळणाऱ्या मित्रांसाठी एक लढाई रचली. ब्राउनस्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव, नेपोलियनचा काळ. नुसत्या सेनापतींऐवजी त्याने काहींना गावातले लोक केलं: कोणी महापौर, कोणी सावकार, कोणी विद्यापीठाचा कुलगुरू. लढाई सुरू व्हायच्या आधीच हे लोक आपापसांत कट करू लागले, दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वाचं आव्हान दिलं. खेळ हाताबाहेर गेला, आपण साफ फसलो, असं वेस्लीला वाटलं. मित्र म्हणाले, पुन्हा कधी? त्या मित्रांत डेव्ह आर्नेसन होता. त्याने या गोंधळातून स्वतःचं ब्लॅकमूर उभारलं, पुढे विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाच्या गॅरी गायगॅक्सशी हात मिळवला, आणि १९७४ साली एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका घालून त्यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स विकायला काढला. पहिल्या छपाईच्या प्रती एक हजार. म्हणजे फसलेल्या बेतातूनच हा खेळ जन्माला आला.

आता त्या रविवारबद्दल.

चार महिने चौघे एका पत्राच्या मागे होते. राणीच्या दरबारात फितूर कोण, ते त्या पत्रात होतं. मार्चअखेर, दातांच्या डॉक्टरांची परिषद, टेस्टरच्या रात्रपाळ्या यांतून वाट काढत शेवटी ते त्या तळघरात पोचले. खोली सहा चौकोन लांब, सहा रुंद. मधोमध टेबल, टेबलावर पत्र, भोवती आठ दरोडेखोर. अल्डेरिन नुकताच पाचव्या पातळीला पोचला होता. त्या पातळीला जादूगाराला 'फायरबॉल' मिळतो. टेस्टर मित्राने त्यासाठी पाच महिने वाट पाहिली होती.

"फायरबॉल," तो म्हणाला.

"नक्की?" मी विचारलं. माझ्या तोंडून 'नक्की' आलं की शहाणे खेळाडू थांबतात.

"नक्की."

आगीच्या गोळ्याची त्रिज्या वीस फूट. म्हणजे गोळा चाळीस फुटी, खोली तीस फुटी, आणि जादूगार खोलीच्या आत. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्या माणसाने चौकोन मोजले नव्हते. सहा बाजूंचे आठ फासे टाकायचे होते, आमच्याकडे पाचच. दोन बिझनेसच्या खोक्यातून आले, एक सापशिडीतून. बेरीज झाली तेहतीस. दरोडेखोर आठच्या आठ कोळसा झाले. मैनेच्या अंगात जिवाचे अडतीस गुण होते, पाच उरले. धोंडोबा अर्ध्यावर निभावला. अल्डेरिनच्या अंगात सत्तावीस होते. तो स्वतःच्याच गोळ्याने आडवा झाला. "स्वतःच्या पायावर धोंडा ऐकला होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इथे धोंडोबाच शाबूत राहिला."

मग सगळे गप्प झाले, कारण फिजिक्सवालीने पुस्तक उघडलं होतं. कोणाच्या अंगावर किंवा हातात नसलेल्या जळाऊ वस्तू त्या आगीत पेट घेतात. पत्र टेबलावर होतं.

आधी जादूगाराचा जीव. बेशुद्ध माणूस आपल्या प्रत्येक पाळीला फासा टाकतो: दहा किंवा वर पडलं तर एक पाऊल इकडे, खाली पडलं तर एक पाऊल तिकडे. कुठल्याही बाजूला तीन झाली की निकाल. मैनेकडची बरं करणारी गाणी संपली होती, धोंडोबा जिन्यावरून येणाऱ्या दुसऱ्या टोळीला अडवत होता, सावली बाहेर पहाऱ्यावर. पहिलं दान सात. दुसरं चौदा. तिसरं चार. "मेला! मेला!" असा गलका झाला आणि दाराची बेल वाजली.

खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या. "अगं, काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही काकू. अजून गेला नाही. एकच पाऊल बाकी आहे."

काकू आत आल्या. नकाशा पाहिला, फासा उचलून दिव्याकडे धरला. "आमच्या सारीपाटाचे लांबट असायचे," म्हणाल्या, आणि कोणी काही म्हणायच्या आत टाकून मोकळ्या झाल्या. टेस्टरने हात जोडले. फासा चकल्यांच्या थाळीला आपटून थांबला. अकरा.

"वाचला?"

"अजून एक हवं, काकू." काकू खुर्ची ओढून बसल्या. टेस्टरने खंडोबाचा फासा घेतला, फुंकर मारली. सोळा. जीव वाचला, शुद्ध मात्र नाही.

"म्हणजे आयसीयूतून वॉर्डात," काकू म्हणाल्या आणि एक चकली घेऊन गेल्या.

मग चौघांनी माझ्याकडे पाहिलं. चार महिन्यांच्या पत्राची राख टेबलावर होती. मला सहज म्हणता आलं असतं की पत्र लोखंडी पेटीत होतं. पण टेबलावर होतं हे मीच सांगितलं होतं, आणि मैनेच्या वेळचा तो मुका तास मला आठवत होता. "पत्र जळालं," मी म्हटलं. "आता काय करता?"

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग बँकेतला मित्र म्हणाला, "पत्र जळालं हे फितुराला कुठे माहीत आहे?"

त्या वाक्यानंतरचे दोन तास माझ्या वहीत कुठेच नव्हते. त्यांनी एक कोरा कागद कडेने जाळला, लाखेचा शिक्का मारला, आणि सावली तो दरबारभर नुसता मिरवत फिरला. कोण घाम पुसतो, कोण वाट बदलतो, यावर चौघांचं लक्ष. मी मूळ बेतात खजिनदाराला फितूर केलं होतं. पत्र वाचून त्यांना ते दहा मिनिटांत कळलं असतं आणि पुढच्या रविवारी ते विसरले असते. आता दरबारातल्या प्रत्येक माणसाला मला घाबरवून बघावं लागत होतं. खजिनदाराच्या हातातला पेला सांडला तेव्हा डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

काकूंनी काल जिन्यात विचारलं, "तो भाजलेला मुलगा शुद्धीवर आला का?" आला, म्हटलं. आता तो काही पेटवण्याआधी चौकोन मोजतो. येत्या रविवारसाठी मी अर्धं पान लिहिलं आहे. खजिनदाराला काय हवं आहे, राणीला काय हवं आहे, चाकलिनच्या आईच्या गुडघ्यांना आता कसं आहे. कोण काय करेल, ते लिहिलेलं नाही. सापशिडीतला आणि बिझनेसमधले फासे परत करायचे राहून गेलेत, ते मिसळणाच्या डब्यात जिऱ्याच्या वाटीत ठेवले आहेत. लागतील.