व्रणाची भूमिती

कातडीला आरपार छेद गेला की व्रण राहतोच. कुठलाही सर्जन तो पुसून टाकू शकत नाही. तो जुना व्रण कापतो आणि त्या जागी नवा, नजरेत कमी भरणारा व्रण ठेवतो. पण या अदलाबदलीमागे जी बुद्धी आहे, ती पाहून मी दर वेळी थक्क होतो.

१८६१ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल लांगर यांनी मृतदेहांच्या कातडीत गोल दाभणाने भोकं पाडली. ती गोल राहिलीच नाहीत, लांबट झाली. आणि शेजारशेजारची भोकं एकाच दिशेला! आपली कातडी जागोजागी ठरावीक दिशेने ताणलेली असते, ते असं उघड झालं. चेहऱ्यावर आजचे सर्जन सुरकुत्यांची दिशा पाहतात. कपाळावर आठीला समांतर गेलेला व्रण हळूहळू आठीतच दडतो. तोच आठ्यांना छेदत उभा गेला, तर लपायला जागा नसते.

अशा आडमुठ्या व्रणाला वळवतात ती झेड-प्लास्टी. व्रण हा इंग्रजी झेडचा मधला दांडा. त्याच्या दोन टोकांपासून, विरुद्ध बाजूंना, तेवढ्याच लांबीचे दोन छेद ६० अंशांत घेतात. कातडीचे दोन त्रिकोण तयार होतात. ते अलगद उचलून एकमेकांच्या जागी बसवले की मधला दांडा ९० अंशांत फिरलेला असतो!

खरी गंमत पुढे आहे. ते दोन समभुज त्रिकोण मिळून एक समभुज चौकोन होतो आणि व्रण हा त्याचा लहान कर्ण. अदलाबदलीनंतर लहान कर्णाच्या जागी मोठा येतो, म्हणजे लांबी १.७३ पट. चार सेंटिमीटरचे जवळजवळ सात! ही वाढ बाजूच्या सैल कातडीतून उसनी घेतलेली असते. प्रत्यक्षात कातडी थोडा विरोध करते, त्यामुळे वाढ कमी मिळते. तरी भाजल्यामुळे कोपरात आखडलेला हात सरळ करायला ती कामी येते. शाळेच्या भूमितीने माणसाचा हात मोकळा व्हावा, याहून सुंदर काय असेल?

इतर उपायही आहेत. लांब सरळ व्रण नागमोडी करतात. मुरुमाचा खड्डा पडला असेल, तर त्याला खाली खेचणारे तंतू सुईने सोडवतात. मोठ्या चट्ट्याशेजारी कातडीखाली सिलिकॉनची पिशवी ठेवून ती सलाइनने हळूहळू फुगवतात आणि वाढलेली कातडी चट्ट्यावर ओढून घेतात.

केलॉइडशी मात्र जपून. जखमेची हद्द ओलांडून वाढणारी ही गाठ नुसती कापली, तर बहुतेकदा परत येते, कधी आधीहून मोठी. म्हणून शस्त्रक्रियेला स्टिरॉइडची इंजेक्शनं किंवा रेडिएशनची जोड देतात. तुम्हाला किंवा घरात कुणाला केलॉइड झाला असेल, तर सर्जनला आधीच सांगा.

आणि घाई करू नका. ताजा व्रण लाल, टणक असतो. तो फिका आणि मऊ व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. पापणी मिटत नसेल किंवा सांधा आखडला असेल, तर मात्र थांबू नका, लगेच प्लास्टिक सर्जनला दाखवा.