इंग्रजीतील शोकवाचक शब्द आणि ‘विलापिका’ ही संज्ञा

इंग्रजीतील ‘एलिजी’ या काव्यप्रकारासाठी मराठी समीक्षेत ‘विलापिका’ ही संज्ञा वापरली जाते. ती कितपत अन्वर्थक आहे हे पाहण्यासाठी त्या भाषेतील शोकवाचक शब्दांची मुळे तपासणे उद्‌बोधक ठरते.

या शब्दांचे स्थूलमानाने चार थर दिसतात. पहिला प्राचीन इंग्रजीचा. ‘बिरीव्ह’ या क्रियापदाचा मूळ अर्थ ‘लुबाडणे’ असा होता. म्हणून ‘बिरीव्ड’ म्हणजे मृत्यूने ज्याचे माणूस हिरावून नेले, तो. दुसरा थर फ्रेंचमधून आलेला. ‘ग्रीफ’च्या मुळाशी ‘जड’ या अर्थाचे लॅटिन विशेषण असून संस्कृत ‘गुरु’ हा त्याचा सगोत्र शब्द होय. येथे दुःख हे ओझे आहे. तिसरा थर धर्मविधीचा. ‘डर्ज’ हा शब्द मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनेतील ‘दिरिगे’ या आरंभशब्दावरून आला. त्याचा अर्थ ‘मार्ग दाखव’ एवढाच. शोकाचा अर्थ त्याला केवळ विधीच्या सहवासाने प्राप्त झाला. चौथा थर आयरिश भाषेचा. ‘कीन’ म्हणजे मृतदेहाजवळ स्त्रियांनी सुरावर केलेला आक्रोश. १७७३ मध्ये मारल्या गेलेल्या आर्ट ओलेरीसाठी त्याच्या पत्नीने केलेला शोक मौखिक परंपरेने टिकून राहिला, तो याच प्रकारचा.

‘एलिजी’ यांहून निराळी. ग्रीकमध्ये तिची ओळख विशिष्ट द्विपदी छंदावरून होती. युद्ध, प्रेम, नीती असे विषयही त्या छंदात हाताळले जात. पुढे इंग्रजीत ती मृत्युविषयक कविता म्हणून स्थिरावली, तरी तिचा स्वर प्रायः चिंतनशील राहिला. थॉमस ग्रे यांची १७५१ मधील प्रसिद्ध एलिजी खेड्यातील अज्ञात मृतांविषयी मनन करते. तीत हंबरडा नाही.

याउलट ‘विलाप’ म्हणजे शोकाकुल व्यक्तीचा प्रत्यक्ष आक्रोश. ‘कुमारसंभवा’तील रतिविलाप व ‘रघुवंशा’तील अजविलाप हे त्याचे परिचित नमुने होत. आर्टच्या पत्नीचे शोकगान त्यांच्या जवळचे आहे; ग्रे यांची कविता नव्हे.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. ‘विलापिका’ म्हटले की वाचक आक्रोशाची अपेक्षा करतो आणि संयत शोक त्याला भावशून्य वाटू लागतो. उलटपक्षी, स्त्रियांचे मौखिक शोकगान काव्यविचाराबाहेरच राहते. म्हणून ‘एलिजी’स ‘शोकचिंतनपर कविता’ म्हणावे व ‘विलापिका’ ही संज्ञा अशा शोकगानासाठी योजावी, हे अधिक सयुक्तिक ठरेल.