विजेची कच्ची वही

गणितासाठी तुमच्याकडे दोन वह्या असतात ना? एक कच्ची, एक पक्की. कच्च्या वहीत कितीही खाडाखोड चालते. उत्तर जमलं, की मगच ते पक्क्या वहीत उतरवायचं. इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्यांनाही अशीच एक कच्ची वही मिळाली आहे. तिच्यात लिहायची शाई मात्र निराळी आहे. तिच्यातून चक्क वीज वाहते!

जुना रेडिओ उघडलेला पाहिलाय कधी? आत एक पातळ पाटी असते आणि तिच्यावर तांब्याच्या रेघा असतात. या रेघा म्हणजे विजेचे रस्ते. अशी पाटी हाताने करायची, तर मोठा खटाटोप. तांब्याचा थर असलेल्या पाटीवर आकृती काढायची, नको असलेलं तांबं फेरिक क्लोराइडमध्ये विरघळवायचं, भोकं पाडायची आणि एकेक भाग सोल्डरिंग करून बसवायचा. एवढं झाल्यावर कळलं, की एक रेघ भलतीकडेच गेली आहे, तर? सगळी मेहनत पाण्यात!

म्हणून आधी कागदावर नमुना करून पाहायचा. साधी शाई वाळली, की मागे फक्त रंग उरतो. वीजवाहक शाईत चांदीचे किंवा कार्बनचे बारीक कण असतात. शाई ओली असताना ते सुटे असतात. ओलावा उडाला, की एकमेकांना खेटतात, जणू हात धरून साखळीच करतात. या साखळीतून वीज पुढे जाते. सगळ्या धातूंत चांदी सर्वांत चांगली वीजवाहक, पण महाग. कार्बन स्वस्त, पण त्यात विजेला अडथळा जास्त.

२०११ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात जेनिफर लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांदीची शाई चक्क पेनात भरली. त्या पेनाने त्यांनी एका जुन्या कोरियन चित्राची नक्कल काढली. चित्रातल्या घराच्या छपरावर एक छोटा एलईडी दिवा बसवला. बॅटरी जोडली आणि दिवा लागला! तारा कुठे होत्या? चित्रातल्या रेघा हीच तार! पुढे २०१३ साली टोकियो विद्यापीठातल्या योशिहिरो कावाहारा यांनी इतर संशोधकांबरोबर अशी शाई घरगुती इंकजेट प्रिंटरमध्ये भरून सर्किटं छापून दाखवली.

कागदाला सोल्डरिंगची उष्णता सोसत नाही. त्यामुळे भाग वीजवाहक चिकटपट्टीने बसवतात. चुकलं तर नवा कागद घ्यायचा. जमलं, की मग पक्की पाटी!

करून पाहा

साहित्य : ८बी पेन्सिल, जाड कागद, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, लाल एलईडी.

पेन्सिलीतलं ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच. कागदावर पाच सेंटिमीटर लांबीच्या, नखाएवढ्या रुंद अशा दोन समांतर रेघा काढा. मध्ये अर्धा सेंटिमीटर जागा सोडा. रेघा पुन्हा पुन्हा गिरवून काळ्याकुट्ट करा. एका टोकाला बॅटरी उलटी टेकवा. तिचं एक टोक एका रेघेवर, दुसरं दुसरीवर. एलईडीचे पाय फाकवून रेघांवर दाबा. लांब पाय बॅटरीच्या धन टोकाच्या रेघेवर हवा. खोलीत अंधार करा. दिवा मंद लागेल. आता तो हळूहळू बॅटरीकडे सरकवा. उजेड वाढला ना? रेघ आखूड, म्हणून अडथळा कमी!

सांभाळा हं! एलईडी थेट बॅटरीला जोडू नका, तो जळेल. आणि घरातल्या प्लगच्या विजेशी असला खेळ कधीही करायचा नाही.

पालकांनो, दिवा पहिल्या फटक्यात लागला नाही, तर लगेच पेन्सिल हातात घेऊ नका. रेघ कुठे फिकी राहिली, कुठे तुटली, ते मुलांनाच शोधू द्या. कच्ची वही असते ती त्यासाठीच!