'सौभद्रा'चे दीर्घायुष्य

अर्जुन सुभद्रेस वरणार, हे प्रेक्षकास आधीच ठाऊक. तरीही १८८२ साली पुण्यास रंगभूमीवर आलेले अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत सौभद्र' लोक पुनःपुन्हा पाहत आले. ओढ कथेच्या शेवटाची नव्हतीच. साकी, दिंडी, लावणी यांच्या परिचित चालींमुळे पदे घरोघर गेली, आणि तेच पद नवा नट कसे रंगवितो ही उत्सुकता उरली. बालपणी जळगावी मेहबूबखाँपाशी गाणे शिकलेल्या बालगंधर्वांनी सुभद्रा अशीच नव्याने रंगविली. 'वन्समोअर'ने प्रयोग लांबत. नाट्यरचनेस ते मारकच, परंतु तिकीट काढणाऱ्यास त्याचेच सुख! न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर १९४३ पासून पाच वर्षांत 'ओक्लाहोमा'चे २२१२ प्रयोग झाले. त्याचीही गाणी ध्वनिमुद्रिकांवरून घरांत पोहोचलेली होती.