विश्लेषण : नेटमध्ये हवा, पंगतीत नको! पगारी खेळाडू अमेरिकेत कसा घडला आणि पुण्यात कसा?

आयपीएलचा लिलाव सुरू झाला की जालन्यातही मोबाइलवर बोलीचे आकडे फिरू लागतात. ‘रिटेन’, ‘रिलीज’, ‘ट्रेड’ हे शब्द आता शाळकरी मुलांच्याही तोंडी आहेत. याच जालन्याच्या विजय झोलने २०१४ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचे नेतृत्व केले. लेदर बॉलवर सराव करणाऱ्या मुलाच्या घरी आज ‘यात पुढे पैसे आहेत का?’ हा प्रश्न सहज विचारला जातो आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र खेळण्याबद्दल पैसे घेणे कमीपणाचे समजले जाई. त्याच काळात अमेरिकेत बेसबॉलचे खेळाडू पगारासाठी आणि हक्कासाठी मालकांशी भांडत होते. इकडे पुण्यात एक मराठी मुलगा महिना चार रुपयांवर साहेबांना गोलंदाजी करत होता. आजच्या लिलावामागे काय इतिहास आहे हे समजून घ्यायचे, तर या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहायला हव्यात.

अमेरिकेत भांडण कशावरून पेटले?

बेसबॉलची ‘नॅशनल लीग’ १८७६ मध्ये सुरू झाली. क्लबचे मालक, ठरलेले वेळापत्रक, तिकीट आणि करारबद्ध खेळाडू असा तिचा सगळा व्यवहार होता. आजच्या कोणत्याही लीगचा सांगाडा तिच्यात ओळखू येतो. तीनच वर्षांत मालकांनी एक हत्यार शोधून काढले. करार संपला तरी खेळाडू त्याच क्लबसाठी ‘राखीव’ राहणार आणि दुसऱ्या क्लबने त्याला घ्यायचे नाही, असे आपसात ठरले. १८७९ मध्ये ही पद्धत मोजक्या खेळाडूंपुरती होती. पुढे ती जवळजवळ सर्वांना लागू झाली.

खेळाडूला स्वतःहून क्लब सोडता येत नसे, पण मालकाला त्याला विकता येत असे. १८८७ मध्ये शिकागोने किंग केली हा आपला लोकप्रिय खेळाडू बोस्टनला दहा हजार डॉलरना विकला. त्या वर्षी जॉन माँटगोमेरी वॉर्ड या खेळाडूने बेसबॉलपटू ही मालमत्ता आहे का, असा रोखठोक प्रश्न विचारणारा लेख लिहिला. वॉर्ड कायद्याचा पदवीधर होता. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या खेळाडूंच्या संघटनेचा तोच म्होरक्या.

पुढे जे घडले त्यात भारत थोडक्यात हुकला. १८८८ च्या नोव्हेंबरात शिकागोचा मालक अल्बर्ट स्पाल्डिंग दोन संघ घेऊन जगाच्या दौऱ्यावर निघाला. एका संघाचा कर्णधार वॉर्ड होता. ऑस्ट्रेलिया करून जहाज जानेवारी १८८९ मध्ये कोलंबोला आले. तिथे सामना झाला. भारतात येण्याचा बेत मात्र रद्द झाला आणि मंडळी इजिप्तकडे गेली. बेसबॉल आपल्याकडे तेव्हा रुजला असता का, हा गप्पांचा विषय आहे. वॉर्डला मात्र या दौऱ्यात वेगळाच धक्का बसायचा होता. तो दूरदेशी असताना मालकांनी घरी नवा नियम केला. खेळाडूंच्या पाच प्रतवाऱ्या ठरल्या. सर्वात वरच्या प्रतीला वर्षाला २,५०० डॉलर, सर्वात खालच्या प्रतीला १,५००. प्रत ठरवताना खेळाबरोबरच खेळाडूच्या सवयी आणि वर्तनही पाहिले जाणार होते. आडतीत मालाला प्रत लावतात, तशी माणसांना लावली गेली.

१८९० च्या हंगामात काय झाले?

खेळाडूंनी स्वतःचीच लीग काढली. ‘प्लेयर्स लीग’ या नावाने आठ संघ उभे राहिले आणि नॅशनल लीगमधील बहुतेक नामांकित खेळाडू तिकडे गेले. वॉर्डला अडवण्यासाठी जुन्या क्लबने न्यूयॉर्कच्या न्यायालयात धाव घेतली, पण मनाई हुकूम मिळाला नाही. नव्या लीगमध्ये राखीव कलम नव्हते, प्रतवारी नव्हती. कारभारात आणि नफ्यात खेळाडूंना वाटा होता.

त्या वर्षी अमेरिकेत एकाच वेळी तीन मोठ्या लीग चालू होत्या. एकाच शहरात, एकाच दिवशी, एकमेकांच्या समोर सामने लावले जात. प्रेक्षक विभागले गेले आणि दोन्ही बाजू गर्दीचे आकडे फुगवून सांगू लागल्या. मैदानावर बोस्टनने प्लेयर्स लीग जिंकली. हिशेबाच्या वहीत मात्र सगळेच बुडाले होते. खेळाडूंच्या लीगला भांडवल देणारे व्यापारी आधी घाबरले. स्पाल्डिंगने त्यांनाच गाठून तडजोडी केल्या आणि एका हंगामात लीग बंद पडली. खेळाडू जुन्या मालकांकडे परतले, राखीव कलम पुन्हा मानेवर बसले. ते सुटायला १९७५ चा डिसेंबर उजाडावा लागला.

हे बंड सगळ्यांसाठी मात्र नव्हते. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडोच्या संघातून वरच्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळला होता. १८८७ च्या जुलैमध्ये त्याच्या खालच्या पायरीवरील ‘इंटरनॅशनल लीग’च्या संचालकांनी यापुढे कृष्णवर्णीयांचे नवे करार मंजूर करायचे नाहीत, असे ठरवले. वरच्या लीगमध्ये तर लेखी ठरावाचीही गरज पडली नाही, आपसातला समजच पुरला. आपण मालमत्ता आहोत का, असे विचारणाऱ्या खेळाडूंच्या लीगमध्येही एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. ही कोंडी १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनने फोडली.

आणि आपल्याकडे?

जानेवारी १८९० मध्ये मुंबईत पारशांनी जी. एफ. व्हर्नन यांच्या इंग्लिश संघाला हरवले, तेव्हा शहरात मोठा जल्लोष झाला. ते खेळाडू हौशी होते. इंग्लंडच्या क्रिकेटमध्येही पैसे न घेणारा तो ‘जेंटलमन’ आणि घेणारा तो नुसता ‘प्लेयर’ असा भेद होता. अनेक मैदानांवर दोघांच्या खोल्या आणि दरवाजेही वेगळे असत. हा भेद १९६३ च्या हंगामापासून कागदोपत्री संपला. पैसे घेऊन खेळणारा तो कमी दर्जाचा, ही समजूत साहेबाबरोबर इथल्या जिमखान्यांतही आली.

इथे जातीची उतरंड आधीपासून होतीच. दोन्ही एकमेकींवर बसल्या तेव्हा काय झाले, हे पालवणकर बाळू यांच्या आयुष्यात दिसते.

बाळू यांचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडचा, चर्मकार समाजातील. वडील लष्करात नोकरीला होते. बाळपण पुण्यात गेले. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर ते आणि त्यांचे भाऊ खेळ शिकले. पहिली नोकरी पारशांच्या क्रिकेट क्लबमध्ये लागली. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा आणि अधूनमधून सभासदांना गोलंदाजी करायची. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये आले आणि पगार चार रुपये झाला. काम तेच, पण जास्त : रोलर, आखणी, नेट बांधणे, टेनिसच्या कोर्टाच्या रेषा मारणे. आणि गोलंदाजी.

बाळू डावखुरे, संथ गतीचे फिरकी गोलंदाज. त्यांचा चेंडू खेळायला सर्वात उत्सुक होता तो कॅप्टन जे. जी. ग्रेग, त्या काळातला या भागातील अव्वल इंग्लिश फलंदाज. बाकीचे सभासद येण्याआधी तास-तासभर लवकर येऊन तो बाळूंविरुद्ध सराव करी. ग्रेगला बाद केले की दर वेळी आठ आणे मिळत, असे सांगितले जाते. हिशेब सोपा आहे. आठ वेळा ग्रेगची दांडी उडवली की महिन्याचा पगार सुटला. ‘परफॉर्मन्स बोनस’चा मराठी मुलखातला याहून जुना किस्सा सापडणे कठीण.

पूना क्लबच्या नेटमध्ये बाळूंनी तासन् तास गोलंदाजी केली. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबाचा डाव आणि चेंडू टाकणे हे नोकराचे काम!

चार रुपये म्हणजे किती?

त्या दशकाच्या शेवटी एका डॉलरला साधारण तीन रुपये पडत. त्या ढोबळ हिशेबाने अमेरिकेतील सर्वात खालच्या प्रतीच्या बेसबॉलपटूला वर्षाला सुमारे साडेचार हजार रुपये मिळत. बाळूंना मिळत ४८. दोन्हीकडची महागाई वेगळी होती, त्यामुळे ही तुलना तंतोतंत धरू नये. पण पगारापेक्षा मोठा फरक दुसराच होता. बेसबॉलपटूला मैदानात खेळण्याबद्दल पैसे मिळत होते. बाळूंना पैसे मिळत होते ते दुसऱ्यांना खेळाची तयारी करून देण्याबद्दल. संघाच्या यादीत त्यांचे नाव नव्हतेच.

आणि तरी हीच नोकरी त्यांच्यासाठी एकमेव दार ठरली, हेही खरे. अमेरिकेत पगारी खेळाचा धंदा वाढला तसा कृष्णवर्णीय त्यातून बाहेर फेकले गेले. पुण्यात एका अस्पृश्य मानलेल्या मुलाला त्या काळच्या सर्वोत्तम फलंदाजांसमोर रोज उभे राहता आले ते हलक्या समजल्या जाणाऱ्या पगारी कामामुळेच. सवर्ण घरातल्या कोणत्याही हौशी मुलाला इतका सराव मिळाला नसेल.

संघात घेतले, मग चहाचे काय?

पुण्यातील हिंदू खेळाडूंना युरोपियनांशी बरोबरी करायची होती. हाताशी बाळूंसारखा गोलंदाज, पण त्याला घ्यायचे की नाही यावर दोन तट पडले. तेलुगू सभासद घ्या म्हणत होते. काही ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. अशा गोलंदाजाला बाहेर ठेवणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, असे ग्रेगने जाहीरपणे सांगितल्यावर पारडे फिरले, असे क्रिकेटचे इतिहासकार नोंदवतात. त्यात ग्रेगचा मोठेपणा होता की आपल्या तोडीचा प्रतिस्पर्धी हवा हा स्वार्थ, ते ज्याने त्याने ठरवावे.

मैदानात सगळ्यांनी एकच चेंडू हाताळला. मैदानाबाहेर मात्र बाळूंना चहा पॅव्हिलियनच्या बाहेर, एकदाच वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात मिळे. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी. तोंड धुवायला पाणी हवे असेल तर तेही अस्पृश्य नोकरानेच आणून द्यायचे. त्यांनी घेतलेले बळी मात्र सगळ्या संघाचे.

मग साताऱ्याचा सामना आला. तिथला जिमखाना फक्त गोऱ्यांचा. बाळूंची फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवून ती घट्ट केली होती. बाळूंनी सात बळी घेतले आणि पुण्याचा संघ जिंकला. परतल्यावर सत्कार झाला. त्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंचे कौतुक केले. तुमच्याबरोबर जो खेळतो, तो तुमच्याबरोबर जेवू का शकत नाही, हा प्रश्न पुण्याच्या शिकलेल्या वर्गासमोर त्या दिवशी उघडपणे आला.

पुढे बाळूंचे काय झाले?

प्लेगच्या काळात ते मुंबईला गेले. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदू जिमखान्यातही त्यांच्या प्रवेशाला आधी विरोध झाला, मग गरजेपुढे तो मावळला. पोटापाण्यासाठी ते ‘बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे’त नोकरीला लागले. खेळाडूला नोकरी देऊन आपल्या संघातून खेळवायचे, ही आपल्याकडची पद्धत अशी जुनी आहे. लीग येण्याआधी भारतीय खेळाडूचे घर याच पगारावर चाले.

१९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या संघात बाळू होते आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवरामही. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण पस्तिशीतल्या बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १९ धावांच्या आत. इंग्लिश कौंटी त्यांना व्यावसायिक म्हणून घेऊ शकतील, अशीही चर्चा झाली. ते परत आले. मुंबईत त्यांचा सत्कार झाला आणि तो घडवून आणण्यात तरुण भीमराव आंबेडकरांचाही सहभाग होता. गंमत म्हणजे १९३७ च्या निवडणुकीत हेच दोघे एकमेकांसमोर उभे राहिले. बाबासाहेब जिंकले.

कर्णधारपद मात्र बाळूंच्या वाट्याला आले नाही. गोलंदाज म्हणून ते हवेच होते, पण नेता म्हणून चालणार नव्हते. १९२० मध्ये या डावलण्याच्या निषेधार्थ शिवराम आणि विठ्ठल या धाकट्या भावांनी संघातून बाहेर राहण्याचे जाहीर केले आणि वृत्तपत्रांत वाद पेटला. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. अंतिम सामन्यात समोर युरोपियन होते. हिंदू जिंकले.