गोष्ठ पाल: ऐकीव गोष्टी आणि खऱ्या नोंदी

बचावपटूच्या नावापुढे गोलांचा आकडा नसतो. त्याची कीर्ती तोंडोतोंडी पसरते आणि तिच्यात चुकीच्या गोष्टीही मिसळतात. ‘चिनी भिंत’ म्हणून गाजलेले बंगालचे फुटबॉलपटू गोष्ठ पाल (1896–1976) यांच्याबाबत तेच झालं.

गैरसमज: 1911 साली आयएफए शील्ड जिंकणाऱ्या कोलकात्याच्या मोहन बागान क्लबच्या संघात ते होते.
वस्तुस्थिती: ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2–1 असं हरवणाऱ्या त्या संघाचे फुलबॅक, म्हणजे मागचे बचावपटू, होते भूती सुकुल आणि सुधीर चटर्जी. पाल तेव्हा पंधरा वर्षांचेही नव्हते. ते नंतर क्लबात आले आणि वीसहून अधिक वर्षं तिथे खेळले.

गैरसमज: फुलबॅकचं काम म्हणजे चेंडू लांब उडवणं.
वस्तुस्थिती: तेव्हा मागे दोनच फुलबॅक असत. 1925 पर्यंतच्या नियमानुसार सहकाऱ्याने चेंडू मारताना आक्रमकापुढे तीन प्रतिस्पर्धी नसतील तर तो ऑफसाइड ठरे. एका फुलबॅकने नेमक्या क्षणी दोन पावलं पुढे टाकली की मागे दुसरा फुलबॅक आणि गोलरक्षक, असे दोघेच उरत आणि हल्ला तिथेच थांबे. 1925 मध्ये तिनाचे दोन झाले. हे डावपेच बदलावे लागले, तरी पाल पुढेही टिकून राहिले. शिवाय समोर बूट घातलेले गोरे सैनिक असताना ते अनवाणी खेळत.

गैरसमज: ही सगळी कोलकात्याची गोष्ट, आपल्याकडचा काय संबंध?
वस्तुस्थिती: 1923 मध्ये आपल्या भिवंडीजवळच्या मुंबईत मोहन बागान रोव्हर्स कप खेळायला आला. ब्रिटिश पलटणींची मक्तेदारी असलेल्या या स्पर्धेत त्याने अंतिम फेरी गाठली आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून 4–1 अशी हार पत्करली. हा कप भारतीय संघाने प्रथम जिंकला तो 1937 मध्ये, बंगळूर मुस्लिम्सने.

गैरसमज: त्यांनी आजच्यासारखे फिफाचे आंतरराष्ट्रीय सामने खेळले.
वस्तुस्थिती: 1933 मध्ये त्यांनी सिलोन दौऱ्यावर भारतीय संघाचं नेतृत्व केलं. पण तो संघ आयएफएने (इंडियन फुटबॉल असोसिएशनने) पाठवला होता आणि ही संस्था नावाने ‘इंडियन’ असली तरी कारभार बंगालचा पाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ 1937 मध्ये स्थापन झाला. भारताला फिफाचं सदस्यत्व 1948 मध्ये, म्हणजे त्या दौऱ्यानंतर पंधरा वर्षांनी मिळालं.

1962 मध्ये पाल यांना पद्मश्री मिळाली. हा मान मिळवणारे ते पहिले फुटबॉलपटू. बचावपटूची कीर्ती ऐकीव गोष्टींवरच राहू नये म्हणून भिवंडीत फुटबॉल स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी सर्वोत्तम बचावपटूचंही एक बक्षीस ठेवावं. गोल वाचवणाऱ्या मुलाच्या खेळाचीही मग रीतसर नोंद राहील.