पंपाला हुकूम देणाऱ्या आठ तारा

गावच्या नळपाणीपुरवठा योजनेचा पंप आता पुष्कळ ठिकाणी माणसाच्या हाताने सुरू होत नाही. विहिरीवरील पत्र्याच्या पेटीत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण संच बसविलेला असतो. टाकी भरली की पंप थांबावा, रिती झाली की चालू व्हावा, असे काम त्याच्याकडे सोपविलेले असते. या संचातून बाहेर पडणाऱ्या बारीक तारांना ‘डिजिटल आउटपुट लाइन’ म्हणतात. अशा तारेवर दोनच अवस्था संभवतात. सुमारे ५ व्होल्ट दाब असला की १ आणि नसला की ०.

या तारेची ताकद फारच थोडी. पाच अश्वशक्तीचा थ्री-फेज पंप साडेसात-आठ अँपिअर प्रवाह ओढतो, तर ही तार जेमतेम काही मिलिअँपिअर देऊ शकते. म्हणून तार ड्रायव्हरला, ड्रायव्हर रिलेला, रिले स्टार्टरच्या काँटॅक्टरला आणि काँटॅक्टर पंपाला चालवितो. तलाठ्याचा अहवाल तहसीलमार्गे जिल्ह्याला पोहोचावा, तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की येथे सारे निमिषार्धात घडते.

ही साखळी उलट्या बाजूनेही त्रास देते. रिलेच्या कॉइलमधील प्रवाह एकाएकी तोडला की तिच्यातील चुंबकीय शक्ती दाबाच्या जोरदार उसळीच्या रूपाने बाहेर पडते. चोवीस व्होल्टच्या कॉइलमधून क्षणभर शेकडो व्होल्ट उसळू शकतात आणि नाजूक ट्रान्झिस्टर जळतो. उपाय स्वस्त आहे. कॉइलच्या दोन टोकांना उलट दिशेने एक डायोड जोडावा. १एन४००७ हा सर्वत्र मिळणारा डायोड या कामास पुरतो. ‘यूएलएन २८०३’ या ड्रायव्हरमध्ये असे डायोड मुळातच असतात. मात्र त्यांची सामाईक पिन कॉइलच्या पुरवठ्याला जोडावी लागते, आणि जोडणारे नेमके तेच विसरतात. डायोड सरळ दिशेने बसला तर पुरवठाच शॉर्ट होतो, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरे संरक्षण ऑप्टोकपलरचे. यात एका बाजूस प्रकाश देणारा डायोड व दुसऱ्या बाजूस प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर असतो. हुकूम प्रकाशाने पोहोचतो, वीज ओलांडून जात नाही. परंतु दोन्ही बाजूंचा पुरवठा व अर्थ एकच ठेवला, तर ही योजना नावापुरती उरते. बाजारातील स्वस्त रिले-पट्ट्यांवर दोन्ही पुरवठे जोडणारी एक छोटी पट्टी बसविलेलीच येते. ती काढून रिलेला स्वतंत्र पुरवठा द्यावा.

तथापि सर्वांत घातक क्षण वेगळाच असतो. तो म्हणजे गेलेली वीज परत येण्याचा. संच जागा होत असताना आउटपुट तारा काही काळ अधांतरी असतात. इंटेलची ८२५५ ही प्रयोगशाळांतून शिकविली जाणारी जुनी चिप घ्या. तिच्या २४ तारा रीसेटनंतर ‘इनपुट’ अवस्थेत असतात. त्यांना ‘आउटपुट’ ठरविताच त्या सर्व ० होतात. आता पुष्कळ रिले-पट्ट्या ० मिळाल्यावरच चालू होणाऱ्या असतात. परिणामी कोणीही हुकूम न देता सारे रिले एकदम ओढले जातात, आणि त्या वेळी कर्मचाऱ्याचा हात पंपाच्या कपलिंगवर असू शकतो! म्हणून अशा चिपबरोबर १ वर चालणारा ड्रायव्हर निवडावा आणि प्रत्येक तारेला अर्थकडे नेणारा रोधक जोडावा. आजच्या बहुतेक मायक्रोकंट्रोलरांत आधी तारेचे मूल्य लिहून मग तिला आउटपुट ठरविता येते. हा क्रम पाळावा. वीज येताच सगळे पंप एकदम सुरू झाल्यास रोहित्रावरही ताण पडतो, आणि त्याच कारणास्तव महावितरण शेतकऱ्यांना ऑटोस्विच न वापरण्याचे आवाहन करीत आले आहे. संचात काही मिनिटांचा विलंब ठेवणे इष्ट.

आठ तारांना १, २, ४, ८ अशी १२८ पर्यंत वजने असतात. पहिल्या तारेवर पंप व तिसऱ्या तारेवर व्हॉल्व्ह चालू असेल, तर संचात ५ हा आकडा असतो. केवळ व्हॉल्व्ह बंद करायचा तर १ लिहावा लागतो. ० लिहिल्यास पंपही थांबतो. यासाठी जुना आकडा जपून त्यातील हवी तेवढीच तार बदलणे, ही प्रोग्राम लिहिणाऱ्याची जबाबदारी होय.

तार १ आहे, याचा अर्थ पंप फिरतो आहे असा होत नाही. संच आपणच दिलेला हुकूम वाचून दाखवितो. पंपाची खरी स्थिती कळण्यास काँटॅक्टरचा सहायक संपर्क इनपुट तारेला जोडावा लागतो. विहिरीतील पाणी संपल्यावर पंप थांबविणारा रिले तर काँटॅक्टरच्या कॉइलच्या मार्गातच थेट जोडलेला असावा, म्हणजे प्रोग्राम अडकला तरी पंप कोरडा चालून जळणार नाही.

पेटी ताब्यात घेताना पंचायतीने मोटारीच्या तारा सोडवून ठेवाव्यात, मुख्य स्विच तीन-चार वेळा बंद-चालू करावयास लावावा आणि काँटॅक्टरचा आवाज ऐकावा. हुकूमाविना एकदाही खट्ट आवाज आला, तर पेटी स्वीकारू नये.